पुसलेला शॉट

यावलची सुमनबाई जन्मभर केळीच्या बागांत मजुरीला गेली. चिकाचे डाग धुऊन जात नाहीत, म्हणून तिची कामाची साडी वेगळी आणि लग्नकार्याची वेगळी.

धुळ्याच्या एका कॉलेजने शाळकरी मुलांसाठी लघुपटांची स्पर्धा ठेवली, तेव्हा लेक भाविकाने फोनवर आईचीच फिल्म करायला घेतली. सुमनबाई जांभळी साडी नेसून, पावडर लावून बागेत हजर! फोनकडे बघून तोंडभर हसलीसुद्धा.

भाविका तडकली. "आई, कामाची साडी नेस! आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, कितीदा सांगू?"

"बरं माय," म्हणत सुमनबाई साडी बदलून आली. मग तिने मान वर केलीच नाही. हसरा शॉट भाविकाने पुसून टाकला.

श्रावणात सुमनबाई काविळीने गेली. हार घालायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा फोटो तिचा वाटेना. भाविकाने फिल्म पुढे-मागे करून पाहिली. सगळीकडे डाग, पाठ आणि वाकलेली मान.

धुळ्यात फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. "या बाई एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, याला म्हणतात दिग्दर्शन!" परीक्षक म्हणाले. टाळ्यांच्या गजरात फिल्म पुन्हा लावली.

पडद्यावर आई पाठमोरी चालली होती.

"आई," भाविका पुटपुटली, "इकडे बघ ना."