शेजारची मागची खोली

श्रीवर्धनच्या आमच्या आळीत, शेजारच्या घराच्या मागच्या खोलीत एक नर्सबाई भाड्यानं राहायच्या. कुणाला ताप आला, विंचू चावला, की आधी त्यांचंच दार वाजायचं.

मग शेजारच्या त्या घरात मुंबईचं एक तरुण जोडपं भाड्यानं आलं. दोघंही घरूनच लॅपटॉपवर काम करायची. तिकडे दोन खोल्यांना जे भाडं जायचं त्यात इथं अख्खं घर मिळालं म्हणून खूश होती. त्यांना मागची खोलीही हवी होती. घरमालकांनी नर्सबाईंना पावसाच्या आत जागा सोडायला सांगितली.

बाईंनी सगळं गाव पालथं घातलं. जो तो म्हणे, "आता होमस्टे करतोय हो." शेवटी बदली मागून त्या आत डोंगराकडच्या गावात बहिणीकडे गेल्या. निघताना यांच्याकडे बघत मला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, भाऊंच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका."

त्यांच्यामागून वायरमन गेला. सुपारी सोलायला येणाऱ्या बायकाही भाडी परवडेनात म्हणून लांब राहायला गेल्या, आणि पुढे यायच्याच बंद झाल्या. आमच्या सुपारीच्या वाडीचं सगळं काम यांच्या एकट्याच्या अंगावर पडलं.

एका दुपारी हे वाडीतच खाली बसले. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. मी रस्त्यावर धावले. सवयीनं पाय मागच्या खोलीकडेच वळले. आत टेबल-खुर्ची, भिंतीला एसी. समोरच्या तिन्ही फाटकांना कुलपं. ती घरं विकत घेतलेली माणसं फक्त शनिवार-रविवार येतात. हाका मारून मारून घसा बसला.

ऐकलं ते त्या जोडप्यानंच. मुलानं गाडी काढली, यांना उचलून आत ठेवलं. दवाखान्यात ती मुलगी माझा हात धरून बसली होती. तिचे उपकार मी कधी विसरणार नाही.

बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "काकू, एवढी वाडी आता तुम्हाला झेपेल? माझे आईबाबा बोरिवलीचा फ्लॅट विकून इकडेच यायचं म्हणतायत."

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला.

हे वाचले, पण डावी बाजू गेली. घरी आणल्यावर आठवड्याभरात पनवेलहून मुलाचा फोन आला. "आई, शेजारच्यांनी मलाही वाडीबद्दल विचारलंय. भाव चांगला देतायत. तिथं आता तुमचं आहे कोण?"

खाटेवरून यांनी कसंबसं विचारलं, "कोण... होतं?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

फोन पुन्हा वाजायला लागला.