तेच कंद, वैनीचे

वैनी गेली त्या सकाळी तिच्या डॅफोडिलचं शेवटचं पिवळं फूल चिकूच्या सावलीत अजून उभं होतं. समाचाराला आलेले लोक ते पाहायचे आणि हळहळून म्हणायचे, "मुलग्यान दरवर्षी हिमाचलातसून नवे कांदे धाडून आवशीची हौस पुरवली हां!" बोलण्यात कौतुकच होतं. पण बोलणं खोटं होतं, आणि ते का खोटं आहे हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलोय... म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ वारल्यावर वैनीने शाळेतल्या नोकरीवर ती स्वतः, मुलगा आणि मी, तिचा बिनलग्नाचा दीर, अशा तिघांचा संसार ओढला. निवृत्त झाली त्या वर्षी मुलाने हिमाचलातल्या नोकरीवरून सुट्टीवर येताना डॅफोडिलचे कंद आणले. ते एकदाच. या फुलाला थंडी लागते आणि आमच्या मालवणात ती मिळते फ्रिजमध्ये. म्हणून गणपती विसर्जन झालं की कंद कापडी पिशवीत घालून वैनी फ्रिजच्या खालच्या खणात ठेवायची, ते दत्तजयंतीला बाहेर काढायची. पिशवीवर तिच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं असे: 'हे खायचे कांदे नव्हेत.' मी मुद्दाम विचारायचो, "वैनी, बांगड्याच्या तिकल्यात दोन घालू काय?"

"घाला भावजी. विषारी आसत. तुमच्या बाराव्याक फुला मी वाहीन."

शेजारी हसायचे. "मालवणात बर्फातली फुला? उद्या बाई सफरचंदा लावतली!" पण पहिल्याच माघात फुलं आली आणि पार कुडाळहून माणसं बघायला आली. दारात काठपदराच्या साडीत उभी राहून ती प्रत्येकाला कंदांची लागवड समजावत होती. तिला तशी ताठ उभी राहिलेली मी दादा गेल्यानंतर प्रथमच पाहिली.

फुलं सरली आणि शिमगा आला. पालखी अंगणात यायची होती. वैनी माहेरी गेली होती. मी खळं, म्हणजे तेच अंगण, सारवायला घेतलं तर डॅफोडिलची लांब पाती आडवी पसरलेली. फूल गेलं, आता पाती कशाला, म्हणून कोयत्याने मुळापासून साफ केली. हिरवीगार पाती... कंद पुढच्या वर्षाचं जेवण त्या पात्यांतूनच साठवतो, हे मला ठाऊक नव्हतं. मिरगाआधी वैनीने कंद उकरले, तेव्हा ते आकसलेले होते. एक तळहातावर घेऊन म्हणाली, "उपाशी रवले हे."

"हवा नाय मानवली, वैनी," मी म्हणालो.

पुढच्या माघात एकही फूल आलं नाही. "आमची हवा नाय मानवाची त्येका," गावाने निकाल दिला. तिने मात्र त्या कंदांना शेणखत घातलं, पाती आपोआप सुकेपर्यंत राखली. त्याच्या पुढच्या वर्षी फुलं परत आली. तेव्हा लोक म्हणाले, नवे आणले असणार. वांझ कांदा कुठे फुलतो? ती जीव तोडून सांगायची, "नाय गो, तेच आसत, जुनेच." समोरचे मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई... मी बाजूला सुपारी कातरत बसायचो. कोयत्याची गोष्ट मी सांगितली असती तर सगळं उलगडलं असतं.

तिला ठाऊक होतं. कापलेल्या पात्यांचे सरळ बुडखे तिला कंद उकरतानाच दिसले असणार. कारण त्यानंतर दर शिमग्याला ती वाफ्याभोवती चुडताचं, माडाच्या विणलेल्या झावळीचं, कुंपण घालायची आणि एवढंच म्हणायची, "भावजी, खळा सारवा. पण चुडताच्या अलीकडे." लोकांसमोर तिने माझं नाव कधी घेतलं नाही.

तेराव्याला पंगतीसाठी अंगण मोकळं करताना चुलतभावाने कोयता उचलला. "ही पाती काढूया मरे, पायात येतत."

"हात लावू नको," मी ओरडलो. सगळे थांबून बघत राहिले. "तेच कांदे आसत ते. पयल्यापासून तेच. एक वर्स फुलले नाय ते माझ्या कोयत्यान."

पंगत आखडून बसली, पण बसली.

आता पाती पिवळी पडून वाफ्यात लोळताहेत. काल खळं सारवलं. वैनीने गेल्या शिमग्याला घातलेलं चुडत एका बाजूने मोडलंय, तरी हात तिथेच थांबला... अलीकडे.