आवडली म्हटलेली चटई

परवा इथं सोलापुरात, नव्या पेठेत एका बोळाच्या तोंडाशी एक बाई शिंदीच्या चटया मांडून बसली होती. ऊन चढलं होतं. पानं कडक होऊन मोडू नयेत म्हणून ती मधूनमधून त्यांच्यावर पाण्याचा हबका मारत होती. तापलेल्या पानांवर पाणी पडलं की थोडा गवताचा, थोडा मातीचा असा एक वास सुटतो. तो नाकात शिरला आणि माझे पाय तिथंच थांबले. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, कुणाची तरी पिशवी गुडघ्याला लागली, तरी मी उभाच. "नुसतं बगून काय हुतंय, मालक? घ्या की," बाई म्हणाली. चटई सुरेख होती, तसं म्हणायला जीभही उचलली होती. पण मी शब्द गिळले आणि मुकाट्यानं पुढं निघालो. विणणाऱ्या बाईच्या तोंडावर तिच्या कामाचं कौतुक करायची मला आता भीती वाटते.

या भीतीचं मूळ फार लांब आहे. सोलापूर सोडून मी अमेरिकेत गेलो, बावीस वर्षं राहिलो, तिथला नागरिक झालो. आणि ज्या वयात माणसं उबदार घर बघून पाय पसरतात, त्या वयात एका जाहिरातीला भुलून प्रशांत महासागरातल्या एका बेटावर गणित शिकवायला जाऊन बसलो. देश इतका चिमुकला, की नकाशावर देशापेक्षा त्याचं नावच मोठं. तिथं मला सगळे 'अमेरिकन' म्हणत. खरं सांगतो, मला ते आवडायचं. अमेरिकेत बावीस वर्षं जो तो विचारत होता, "तुम्ही मूळचे कुठले?" बेटावर कुणी विचारलं नाही. निळा पासपोर्ट, पायात भारी बूट, तोंडात गोड इंग्रजी. एवढ्यावर मी पुरता अमेरिकन ठरलो, आणि त्या मानाला जागायचं म्हणून की काय, अमेरिकेत असतानापेक्षा जास्त अमेरिकन वागू लागलो.

त्या वागण्यातली एक सवय म्हणजे कौतुक. आपल्याकडे, सोलापुरात तर विशेष, कौतुक जपून करतात. लहानपणी मला कुणी गोरागोमटा म्हटलं की माणूस उंबरा ओलांडायच्या आत आई मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्यावरून ओवाळायची. जेवण कितीही फर्मास झालं असलं तरी वडील फार तर "बरं झालंय" म्हणायचे आणि आणखी एक भाकरी मागायचे, तेच प्रशस्तिपत्र. अमेरिकेत उलट. शेजाऱ्याचा कुत्रा, सहकाऱ्याचा टाय, कुणाचे नवे कापलेले केस, दिसेल त्याला "मला हे फार आवडलं" म्हणायचं. म्हणणाराही विसरतो, ऐकणाराही. पहिली दोन वर्षं माझी जीभ अडायची, मग अशी सैल झाली की पुन्हा आवरताच आली नाही.

बेटावर माझ्या शेजारी एक म्हातारी राहायची. लेक आणि नातवंडांसकट. घराच्या पुढं केवड्याच्याच जातीची उंच झाडं होती. त्यांची लांब पानं ती काटे काढून समुद्राच्या पाण्यात भिजवायची, उन्हात पांढरी करायची, नखानं दोऱ्याइतकी बारीक चिरायची आणि ओसरीवर बसून चटई विणायची. आमच्यात मोडक्या इंग्रजीची चार वाक्यं आणि भरपूर हसणं एवढीच भाषा. पण मी आजारी पडलो तेव्हा नारळाच्या दुधातली मासळी तिच्याच घरून आली. मी लिंगायताचा पोर, आयुष्यात मासा शिवलेला नाही. तरी तिचं वाईट वाटू नये म्हणून नुसता रस्सा प्यालो होतो. एवढं मन मी कधीकाळी जपत होतो, म्हणूनच पुढचं सांगताना जास्त लाज वाटते.

एका सकाळी तिनं एक चटई उन्हाला टाकली होती. चटई कसली, वस्त्रच ते. हातात घेतली तर इरकलीच्या पदरासारखी मऊ. मी आपल्या सवयीनं म्हणालो, "मला फार आवडली." म्हातारी थांबली. माझ्याकडे पाहिलं. चटई झटकली, गुंडाळली, दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. मी "नको, नको" म्हणालो, पण आपण लग्नात आहेर घेताना म्हणतो तसं, आणि घेतली. दुसऱ्या दिवशी सोलापूरहून आणलेली एक चादर तिला नेऊन दिली आणि फिट्टंफाट झाली असं समजून मोकळा झालो. चटई बैठकीच्या भिंतीवर लावली. चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून. अमेरिकेतल्या मित्रांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनाही ती अर्थातच फार आवडली.

पुढं कॉलेजातला एक तिथलाच सहकारी घरी आला. भिंत पाहून तो खिळ्यांपाशी गेला. मग त्यानं समजावलं. तिथं एखाद्याच्या वस्तूचं कौतुक करणं म्हणजे ती मागणं, आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. ही साधी चटई नव्हती. तिथल्या बायका उतारवयात एक चटई स्वतःसाठी विणतात, शेवटच्या दिवशी तिच्यात गुंडाळून जायला. म्हातारीला दोन वर्षं लागली होती, आणि आता तिच्या डोळ्यांनी पुन्हा तसं विणणं होणार नव्हतं. "परत देऊ?" मी विचारलं. तो म्हणाला, "दिलेलं परत आणून टाकणं अपमान. पण त्यांच्या घरचं कुणी येऊन तिचं कौतुक करेल, तेव्हा द्या. तीच रीत." मी मान हलवली. त्या दिवसापासून मी वाट पाहत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी वाट पाहत नव्हतो. मी फक्त त्यांना घरात बोलवायचं टाळत होतो.

म्हातारी पावसाळी दिवसांत गेली. तिची लेक तासाभरात माझ्या दारात आली, अनवाणी, ओल्या केसांनी. बैठकीत आली, भिंतीसमोर उभी राहिली. चटईकडे बघत हळू म्हणाली, "किती सुंदर आहे."

मला सगळं कळलं होतं. तरीही मी म्हणालो, "थँक यू."

असं का म्हणालो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खिळे तिच्यासमोर उपटायचे, भोकं पडलेली चटई तिच्या हातात द्यायची, त्या भोकांतून सगळ्या गावानं मला पाहायचं, ते नको होतं. आणि चटई मला हवी होती, हेही खरंच. लेकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली नाही. मग गेली. दुपारी म्हातारीला माझ्या चादरीत गुंडाळून नेलं. लोकांनी तिचा काठ चाचपून पाहिला आणि माझ्याकडे वळून कृतज्ञतेनं मान डोलावली. अमेरिकन पाहुण्यानं किती जाड, चांगलं कापड दिलं म्हणून. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांना वाटलं, मी रडतोय.

दुसऱ्या दिवशी खिळे काढून, चटई घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. बैल गेला आणि झोपा केला. लेकीनं चटईला हातही लावला नाही. रागावलीही नाही. "काल हवी होती," एवढंच म्हणाली आणि मला बसायला पाट दिला.

वर्षाच्या आत मी तो देश सोडला, अमेरिकाही सोडली आणि इथं सोलापुरात भाड्याचं घर घेऊन राहिलो. लोक बेटाबद्दल विचारतात. मी समुद्राचं सांगतो, शहाळ्यांचं सांगतो. चटई कपाटावर गुंडाळून असते. गेल्या आठवड्यात मंद्रूपहून माझी थोरली बहीण, अक्का, आली होती. झाडलोट करताना तिनं ती खाली काढली, पसरली, तळहात फिरवला.

"कुणी इनलीय रं? लई बारीक काम हाय की!"

"घेऊन जा, अक्का." मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

अक्का दचकली, मग हसली. "येडा हायस काय? घरात चटया काय कमी हायत व्हय मला? मी आपलं सहज म्हटलं. मागितली न्हाय काय तुला."

मग तिचं बोट कोपऱ्यातल्या भोकावर थांबलं. "आन् हितं काय लागलं?" तिनं विचारलं. मी तिच्याशेजारी खाली बसलो, आणि आजवर कुणालाही न सांगितलेलं सगळं तिला सांगायला सुरुवात केली. ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं आपला हात चटईवरून उचलून पदरात घेतला, आणि मी गप्प झाल्यावरही तो तिथंच राहू दिला.