साळबर्डीला माझ्या वाटचं कोण वाकलं

ही हकिकत सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. खरं म्हणजे अर्धीच सांगत आलो, आणि ती अर्धी आमच्या भजनी मंडळात इतकी रुळली की उरलेली सांगायला तोंड राहिलं नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सत्तरीला टेकलो होतो. त्याआधी दरवर्षी साळबर्डीचा डोंगर चढून गुहेतल्या महादेवाला जायचो. आता पाय साथ देईल का, हे मला पाहायचं होतं. श्रद्धाही डळमळली होती. कापसाच्या त्या पडत्या सालांत भातकुलीकडच्या ओळखीच्या घरांतून शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या. हात जोडले की मनात प्रश्नच यायचे. घरी खोटं सांगून एकटाच निघालो.

अर्ध्या चढावर खुबा धरला. वर जाववेना, उतरायची भीती वाटे. पायरीवर बसून महादेवाचं नाव घेतलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "बसा काकाजी. कायची घाई हाय? महादेव कुठी पळून राहिला का?"

चाळिशीचा माणूस होता. नाव रशीद, मूर्तिजापुरात गाद्या भरायचं दुकान. पिकं बुडाल्यानं गावोगावची लग्नं लांबलेली, गाद्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून मोर्शीला सासुरवाडीत आलेला.

"मग डोंगरावर काहून आले?"

"तेच मले समजून नाही राहिलं. बाजारात निघालो होतो, पाय इकडं वळले."

त्याचे पाय कोणी वळवले, याचं कुतूहल मला आजही आहे.

त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी गुहेपर्यंत पोचलो. मला वाकायची मनाई होती, म्हणून चपला त्यानंच काढल्या. मी पिंडीपुढे ताठ उभा, डोळे भरलेले. तो म्हणाला, "थांबा, तुमच्या वाटचं मी वाकतो." आणि खरंच वाकला.

खाली आणून त्यानं मला एसटीत बसवलं. मी खिडकीतून पाहिलं तर तो गर्दीत मिसळला होता. मंडळात मी एवढंच सांगितलं की एक माणूस आला, वर नेलं, आणि मग दिसला नाही. "गुरुजी, महादेवच तो!" सगळे म्हणाले. मला हार घातला. नाव माहीत असून मी गप्प बसलो.

पुढे मंडळासोबत मूर्तिजापूर स्टेशनात शकुंतलेची, आमच्या त्या छोट्या रेल्वेगाडीची, वाट पाहत होतो. समोरून रशीद आला. "काकाजी, खुबा कसा हाय?"

"कोण हो हे, गुरुजी?" कोणीतरी विचारलं.

"मी नाही ओळखत."

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "माफ करा, चुकलं माझं. दुसरेच असतील," म्हणाला आणि निघून गेला.

नंतर दुकान शोधत गेलो. ते बंद होतं. बिऱ्हाड सुरतेकडे गेलं, एवढंच शेजारी सांगू शकले. देवानं माणूस पाठवला, हे मी मानतो, त्याचे उपकारही मानतो. पण शरण जायचं तर देवाचा लाडका म्हणवून घ्यायची हौसही सोडावी लागते, हे मला फार उशिरा कळलं. त्या बंद दुकानापुढे उभा राहून जे मनात म्हटलं, ते त्याच्या कानापर्यंत कधी गेलं नाही: रशीदभाई, मी तुम्हाला ओळखलं होतं. मला माफ करा.