विचारायचे राहून गेले

मी कोरीटचा. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा हेडमास्तर श्री. दगाजी गुरुजींनी माझे दाखले बाजूला ठेवले आणि कोरीटच्या विहिरींना पाणी कितीशा खोलीवर लागते, कपाशी कधी पेरतात, हेच विचारत बसले. परीक्षा चालली आहे असे समजून मला घाम फुटला. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, हे कळायला बरेच दिवस गेले.

एकदा वर्गात एका मुलीने विचारले, की संगमावर तापी आणि गोमाईचे पाणी थोडे अंतर वेगवेगळे का दिसते. मी असतो तर तिला खाली बसवले असते. गुरुजी म्हणाले, “माले ठाऊक नही. चाला, देखी येऊत.” सारा वर्ग तांबे घेऊन नदीवर गेला आणि दोन्हींचे पाणी निवळत ठेवून गाळ पाहत बसला. तोरणमाळकडचा एक विद्यार्थी तोंडच उघडत नसे. आम्ही त्याला मठ्ठ ठरवून मोकळे झालो होतो. गुरुजींनी त्याला त्याच्या बोलीतली झाडांची नावे विचारली, तेव्हा तो बोलू लागला.

अलीकडे गुरुजी भेटेल त्याला मोठ्याने वाचायला लावत. महायुद्धाच्या बातम्या, वरून आलेली परिपत्रके, सगळे. आमचे उच्चार तपासतात, असे म्हणून आम्ही शिक्षक त्यांच्यामागे हसत असू.

त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख समितीने माझ्याकडे सोपवला. मी मसुदा त्यांच्या हाती दिला. त्यांनी क्षणभर पाहिल्यासारखे केले आणि तूच वाच म्हणाले. कागद उलटा धरलेला होता. तेव्हा कुठे मी विचारले. मोतीबिंदू झाला आहे, अक्षरे दिसेनाशी होऊन वर्ष लोटले, असे त्यांनी सहज सांगितले. मी चिडूनच म्हणालो, की मग बोलला का नाहीत?

“तू कवय इचारं?”

खरेच, मी कधी विचारले होते? मला फार लाज वाटली. त्यांच्या जिज्ञासेवर मी पाने भरून लिहिले होते, आणि रोज शेजारी बसून त्यांच्याविषयी एक प्रश्न मला पडला नव्हता. तो मसुदा मी फाडून टाकला.

पुढच्या आठवड्यात त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत आहे. गुरुजींना निरोगी दीर्घायुष्य लाभो, दृष्टी परत मिळो. हा ग्रंथ त्यांनी स्वतः वाचावा, या पानाशी थांबावे आणि विचारायला इतका उशीर का झाला, हे मला विचारावे. मला ठाऊक नाही, एवढेच मी सांगू शकेन.