बाबांच्या चिखल्या

माझे वडील गिरगावातल्या एका छोट्या शंकराच्या देवळाचे पुजारी. सकाळपासून दुपारपर्यंत अभिषेकाच्या पाण्यात अनवाणी उभे. गेल्या वर्षी त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडून सोलायची. खाज इतकी की जेवतानाही एका पायाने दुसरा घासत बसायचे.

केमिस्टने दिलेल्या मलमाने लगेच आराम पडला, म्हणून ते तेच लावत राहिले. थोड्याच दिवसांत लाल कडांचे चट्टे घोट्यापर्यंत चढले. मग मी त्यांना दादरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"यात स्टेरॉइड आहे, काका. खाज दबते, पण बुरशी पसरत जाते," त्या म्हणाल्या. त्यांनी नुसतं बुरशीवरचं मलम दिलं. बरं दिसलं तरी मध्येच सोडायचं नाही, असं बजावलं. "आणि पाय कोरडे ठेवा. ओल्या फरशीवर चप्पल घाला."

बाबा कसनुसं हसले. "गाभाऱ्यात चप्पल?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी त्यांचा टॉवेल वेगळा केला. पूजा आटोपली की ते बेचक्या नीट पुसून पंख्यासमोर बसायचे. चट्टे फिकटले, पण मनातली धास्ती जाईना. कुणी नमस्काराला वाकलं की पाय मागे घ्यायचे.

एकदा मागच्या चाळीतली एक मुलगी पहिल्या नोकरीचे पेढे घेऊन देवळात आली. ती वाकली, तसे बाबा दचकून मागे सरले. "लांबूनच, बाळा, लांबूनच."

तिचा चेहरा उतरला. "का हो गुरुजी? आम्ही शिवलेलं चालत नाही?"

बाबांनी भोवतालच्या गर्दीकडे पाहिलं. भरल्या देवळात पायांचं कसं सांगायचं? ती वळली. मी पायऱ्यांपर्यंत धावलो. "अगं, त्यांच्या पायांना इन्फेक्शन झालंय. तुला लागू नये म्हणून ते—"

"राहू दे, दादा," ती म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती देवळात दिसली नाही.

श्रावणात अभिषेकाला खंड नव्हता. बेचक्या पुन्हा चिरल्या. मी म्हटलं, "बाबा, थोडे दिवस दुसरं कुणीतरी बघेल ना."

"कोण?"

देवळाला दुसरा पुजारीच नव्हता. त्यांनी खाली बसून मलम लावलं. आत गेल्यावर ते धुऊन जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग धोतर वर खोचून ते गाभाऱ्यात शिरले.