डोळे मिटा अन् हूं करा

भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात मी बाबू आहे, तिथे नेटवर्क शिकवणारे एक सर आहेत. सानगडीहून बसनं येतात, डबा उभ्यानंच खातात. जगभरातले लोक इंटरनेटचे नियम ठरवायला जमतात, त्या बैठकीला सर माझ्या खुर्चीत बसून ऑनलाइन हजर असतात. रेंज मधेच गेली तर काय करायचं, यावर त्यांनी सुचवलेली एक ओळ त्या नियमांत घेतली गेली. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, "रेंज जायचा आपल्याइतका अनुभव कोणाले आहे, बाबूजी?"

तिथे म्हणे मतदान नसतं. एकेका बाजूचं विचारलं की त्या बाजूचे लोक तोंड मिटून हूं करतात. ज्या बाजूचा आवाज मोठा, तिकडे कल आहे असं धरतात. सरांच्या वर्गातही हेच चालतं.

मागच्या महिन्यात प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सरांची लॅब काढून पाहुण्यांसाठी हॉल करायचं सुचवलं. आमचे सगळ्यांचे हात वर गेले.

सर म्हणाले, "साहेब, एकमेकांचे हात पाहून हात वर जाऊन राहिले. डोळे मिटा अन् हूं करा."

प्राचार्य हसून तयार झाले. हॉलसाठी एकच हूं आलं, त्यांचंच. लॅबसाठी आलं तेव्हा शिपाई दारातून डोकावला, "पंखा बिघडला का जी?"

लॅब राहिली. पोरं तिथे बसून इंटरनेटच्या नव्या नियमांतल्या चुका शोधतात आणि कळवतात. हूं कोणी कोणी केलं, याची चौकशी प्राचार्यांनी माझ्याकडे दिली आहे. सगळ्यात मोठ्यानं मीच केलं होतं. चौकशी सुरू आहे.